अमेरिकेतल्या खेड्यात डेप्युटी शेरीफ व्हायचंय? कुठून सुरुवात करायची ते सांगतो

गेल्या दोनतीन वर्षांत मला सारखे फोन येतायत. कधी कॉलेजातला मुलगा, कधी मोटेलात नाइट शिफ्ट करणारी एखादी ताई, कधी थेट आईवडीलच, की आमच्या पोराला पोलिसात जायचंय आणि तेही मोठ्या शहरात नको म्हणतोय, तर कसं करायचं. दरवेळी तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवतो. मी मूळचा मंगळवेढ्याकडचा, आता पश्चिम कॅन्ससमधल्या एका छोट्या काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) डेप्युटी शेरीफ आहे, त्याआधी दोन वर्षं तिथल्याच जेलमध्ये काम केलंय. त्यामुळे मी सांगणार ते मुख्यतः कॅन्ससचं. दुसऱ्या राज्यात वयाची अट, ट्रेनिंगचे आठवडे, परीक्षा हे बदलतं, पण काम बरंचसं असंच असतं.

आधी शेरीफ म्हणजे कोण ते समजून घ्या

आपल्याकडे शेरीफ म्हटलं की मुंबईचा नगरपाल आठवतो. मानाचं पद, वर्षभराची नेमणूक, पोलिसी अधिकार काही नाहीत, सुनील गावसकरसुद्धा एकदा होते. इथला शेरीफ तसा नाही. तो काउंटीचा मुख्य पोलीस अधिकारी असतो आणि बहुतेक राज्यांत लोक त्याला मत देऊन निवडतात, म्हणजे अधिकार आपल्या एसपीसारखे पण खुर्ची मिळते सरपंचासारखी, असं धरा. कॅन्ससमध्ये १०५ काउंट्या आहेत, त्यातली एक रायली काउंटी सोडली (तिथे एकत्रित पोलीस खातं आहे) तर बाकी ठिकाणी दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबरोबर शेरीफची पण निवडणूक होते. शेरीफ स्वतःच्या हाताखाली जी माणसं नेमतो ते डेप्युटी.

शहरात पोलीस फक्त शहराच्या हद्दीपुरते. त्या हद्दीबाहेर जे काही आहे, शेतं, कच्चे रस्ते, पोलीसच नसलेली दोनशे-तीनशे वस्तीची गावं, ते सगळं शेरीफकडे. त्यात जेल चालवणं आलं, कोर्टाचा बंदोबस्त आला, समन्स आणि घर खाली करायच्या नोटिसा पोचवणं आलं, कैद्यांना इकडून तिकडे नेणं आलं, आणि मनाने ढासळलेल्या माणसाला रात्री दोन-दोन तास गाडी चालवून हॉस्पिटलला सोडणं पण आलं. शहरात याला पाच वेगळी खाती असतात, इथे एकाच शिफ्टमध्ये एकच माणूस हे सगळं करतो.

आकारमानाची कल्पना यावी म्हणून दोन आकडे देतो. कॅन्ससच्या ग्रीली काउंटीत २०२० च्या जनगणनेत १,२८४ माणसं होती, एवढी माणसं आपल्याकडे एका बऱ्यापैकी लग्नाला येतात. आणि ओरेगनमधली हार्नी काउंटी साधारण २६ हजार चौरस किलोमीटरची आहे, आपल्या महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर १७ हजारांचा, म्हणजे त्याच्या दीडपट, आणि लोकवस्ती जेमतेम साडेसात हजार. एवढ्या मुलखात रात्री एक किंवा दोन डेप्युटी असतात. बाकी सगळं मी जे सांगणार आहे ते या एका गोष्टीवरनं निघतं, की तुम्ही एकटे असणार आहात आणि मदत लांब असणार आहे.

पहिली पायरी, कागदपत्रं

कॅन्ससमध्ये डेप्युटी व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, वय किमान २१, शिक्षण हायस्कूल किंवा त्याच्या बरोबरीची जीईडी परीक्षा, आणि रेकॉर्डवर फेलनी म्हणजे मोठा गुन्हा नसावा. घरगुती मारहाणीची शिक्षा झालेली असेल, अगदी छोट्या कलमाखाली असली तरी, विषय संपला, कारण १९९६ पासून केंद्राच्या कायद्याने अशा माणसाला बंदूक बाळगता येत नाही आणि पोलिसांना त्यात सूट नाही.

एच-वनवर असलेले बरेच जण विचारतात. तर बाबांनो, नाही. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्यानेच मनाई आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद आहेत पण त्यावर पोलिसाची नोकरी होत नाही. ग्रीन कार्डवाल्यांचं राज्यावर अवलंबून असतं, कॅलिफोर्नियाने २०२३ पासून नागरिकत्वाची अट काढून टाकली, कॅन्ससमध्ये ती आहे. म्हणजे ग्रीन कार्डनंतर पाच वर्षं, नवरा किंवा बायको नागरिक असेल तर तीन, तेवढा काळ थांबावं लागतं. पण हा काळ रिकामा घालवू नका. जेलमधल्या किंवा डिस्पॅचच्या म्हणजे ९११ चे फोन घेण्याच्या नोकऱ्यांसाठी काही काउंट्या ग्रीन कार्डवाल्यांना घेतात, मी तसाच जेलमध्ये लागलो होतो.

तुमची दहावी-बारावी भारतातली असेल तर मार्कशीटचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि भारतात राहिलेल्या वर्षांसाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात. दोन्हीला वेळ लागतो, जाहिरात निघायची वाट न बघता आधीच करून ठेवा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक, मार्कशीटवर दुसरं, वडिलांचं नाव कुठे मधलं कुठे नाहीच, हा आपला नेहमीचा घोळ. तो ॲफिडेव्हिट करून आधीच मिटवा.

दुसरी पायरी, काउंटी निवडा आणि एक रात्र गाडीत बसा

ही पायरी लोक सरळ गाळतात आणि मग पस्तावतात. अर्ज करायच्या आधी त्या शेरीफ ऑफिसच्या साध्या नंबरवर फोन करा (९११ वर नाही), आणि राइड-अलाँग मागा. म्हणजे एक शिफ्ट डेप्युटीच्या शेजारी बसून फिरायचं. बहुतेक छोट्या काउंट्या आनंदाने देतात, एक फॉर्म भरून घेतात एवढंच. शनिवारची रात्र मागू नका, मंगळवारची मागा. शनिवारी काहीतरी धावपळ होते आणि तुम्हाला वाटतं रोज असंच असतं. मंगळवारी कळतं की आठ तासांत तीन कॉल, त्यात एक रस्त्यात मेलेलं हरीण, एक म्हातारी आजी जिला वाटतंय की कोणीतरी परसात फिरतंय, आणि बाकी अंधारात १८० मैल ड्रायव्हिंग. ती रात्र तुम्हाला आवडली तर तुम्ही या कामाचे.

गाडीत बसल्यावर विचारायचे प्रश्न: रात्री किती जण ड्युटीवर असतात, सगळ्यात जवळचा बॅकअप म्हणजे मदतीला येणारी दुसरी गाडी किती मिनिटांवर, रेडिओ कुठे कुठे लागत नाही, गेल्या तीन वर्षांत किती जण सोडून गेले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. आणि अजून एक, काही शेरीफांनी इमिग्रेशन खात्याशी २८७(जी) नावाचे करार केलेत, त्यात डेप्युटींना इमिग्रेशनच्या कामाचे काही अधिकार मिळतात. तुमचं त्यावर मत काहीही असो, आपण स्वतः बाहेरून आलेलो आहोत, तेव्हा आपल्या काउंटीत असा करार आहे का ते अर्जाआधी माहीत असलेलं बरं.

तिसरी पायरी, अर्ज आणि खरं बोलणं

साधा अर्ज दोन पानांचा असतो, खरी परीक्षा त्यानंतरची. तुमच्या आयुष्याची हकीकत मागणारा एक जाडजूड फॉर्म येतो, त्यात राहिलेला प्रत्येक पत्ता, केलेली प्रत्येक नोकरी, प्रत्येक साहेबाचा नंबर, कर्ज, क्रेडिट कार्ड, ट्रॅफिकचे दंड, कधी गांजा ओढला का, ओढला तर केव्हा. हा शेवटचा मुद्दा इकडच्या पोरांना नडतो. शेजारच्या कोलोरॅडोत गांजा कायदेशीर, कॅन्ससमध्ये नाही, आणि वीकेंडला डेन्व्हरला जाऊन आलेला पोरगा फॉर्मवर "कधीच नाही" असं लिहितो. मग पॉलिग्राफमध्ये म्हणजे खोटं पकडायच्या यंत्राच्या चाचणीत किंवा मित्रांना केलेल्या फोनमध्ये ते बाहेर येतं. ओढलं म्हणून कदाचित एक वर्ष थांबायला सांगतील, पण खोटं लिहिलंत तर त्या काउंटीचं दार कायमचं बंद, आणि शेजारच्या काउंटीचा शेरीफ याच शेरीफबरोबर रोज सकाळी कॉफी पीत असतो.

माझंच सांगतो. माझा पहिला अर्ज एका काउंटीने फेटाळला. भारतातून आल्या आल्या मी एका दुकानात तीन महिने काम केलं होतं आणि भांडण होऊन सोडलं होतं, ती नोकरी मी फॉर्मवर टाकलीच नाही, वाटलं तीन महिन्यांचं काय एवढं. तपास करणाऱ्या माणसाने टॅक्सच्या कागदांवरनं ते काढलं आणि मला बोलावून शांतपणे विचारलं की भांडण झालं याचं मला काही नाही, लपवलंस का? मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या अर्जात ते दुकान, ते भांडण, मी काय बोललो, सगळं लिहिलं आणि त्या काउंटीने घेतलं.

हे एवढं ताणून का सांगतोय तर त्याला कायद्याचं कारण आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९६३ च्या ब्रेडी आणि १९७२ च्या जिग्लिओ या निकालांमुळे सरकारी वकिलाला स्वतःच्या साक्षीदाराबद्दलची उणी बाजू आरोपीच्या वकिलाला द्यावी लागते. म्हणजे एखादा डेप्युटी कधी खोटं बोलल्याचं रेकॉर्डवर आलं की तो प्रत्येक केसमध्ये उघडा पडतो, सरकारी वकील त्याला साक्षीला उभाच करत नाही, आणि साक्ष देऊ न शकणारा डेप्युटी कुठल्याच शेरीफला परवडत नाही. गाडी ठोकली तर नोकरी टिकते, खोटं बोललात तर टिकत नाही.

यानंतर मुलाखत, मानसिक चाचणी, डॉक्टरी तपासणी, बऱ्याच ठिकाणी धावणं-दंड-बैठकांची परीक्षा. दीड मैल धावायची तयारी तीन महिने आधी सुरू करा. मुलाखतीत तीनचार जण समोर बसतात, प्रश्न साधे असतात, तुमचा मित्र दारू पिऊन गाडी चालवताना सापडला तर काय कराल, वगैरे. आपल्या लोकांना एक सवय असते, साहेबासमोर मान खाली घालून "येस सर" म्हणायची. तिथे डोळ्यात बघून, थोडं थांबून, सरळ वाक्यात उत्तर द्या. उच्चार आपला मराठी आहे याची काळजी करू नका, रेडिओवर कळेल एवढं सावकाश बोललात की बास.

चौथी पायरी, जमलं तर आधी जेल

सक्ती नाही. पण मला कोणी एकच सल्ला मागितला तर मी हा देतो. जेलमध्ये तुमच्याकडे बंदूक नसते. एका हॉलमध्ये पंधरावीस कैदी आणि तुम्ही, तुमच्या हातात फक्त किल्ल्या, रेडिओ आणि तोंड. तिथे शिकता की माणूस चिडायच्या आधी कसा दिसतो, आवाज न चढवता "नाही" कसं म्हणायचं, आणि दिलेला शब्द कसा पाळायचा. एखाद्याला फोन मिळवून देतो म्हणालात तर संध्याकाळपर्यंत द्याच, नाहीतर उद्यापासून तुमचं कोणी ऐकणार नाही. पुढे गस्तीवर आल्यावर हीच माणसं बाहेर भेटतात. एकदा एका फार्महाउसवर एक जण हातात लोखंडी पाना घेऊन उभा होता, मी गाडीतून उतरलो तर म्हणाला, अरे तू होय, आणि पाना खाली टाकला. जेलमध्ये त्याच्या आईच्या अंत्यविधीच्या वेळी मी त्याचा अर्ज स्वतः कोर्टात पोचवला होता.

पाचवी पायरी, ॲकॅडमी

कॅन्ससमध्ये छोट्या काउंटीचा डेप्युटी आधी नोकरीवर लागतो आणि मग ट्रेनिंगला जातो. एक वर्षाचं तात्पुरतं सर्टिफिकेट मिळतं, त्या मुदतीत ॲकॅडमी पुरी करायची. राज्याचं ट्रेनिंग सेंटर हचिन्सनच्या दक्षिणेला, योडर गावाजवळ, नौदलाच्या जुन्या विमानतळाच्या जागेत आहे, कॅन्सस युनिव्हर्सिटी चालवते, १९६८ पासून. १४ आठवडे, ५६० तास, तिथेच राहायचं, आणि या काळात पगार काउंटी देते. बाकी राज्यांत वेगळं असतं. कॅलिफोर्नियात किमान ६६४ तास, वॉशिंग्टनमध्ये ७२०, मिनेसोटात त्याआधी दोन वर्षांची कॉलेजची डिग्री पण लागते.

ॲकॅडमी म्हणजे नुसती कवायत नाही, निम्म्याहून जास्त वेळ वर्गात जातो. कायदा खूप आहे. चार निकाल पाठच करा, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आले पाहिजेत: मिरांडा (१९६६), ताब्यात घेऊन चौकशी करायच्या आधी काय सांगायचं ते, टेरी (१९६८), रस्त्यात माणसाला थांबवून वरून चाचपायला किती कारण लागतं, गार्नर (१९८५), पळणाऱ्यावर गोळी कधी झाडता येत नाही, आणि ग्रॅहम विरुद्ध कॉनर (१९८९), बळाचा वापर वाजवी होता का हे त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या जागेवरून बघायचं. हे नुसतं तोंडपाठ करून भागत नाही, अभिनेते आणून खोटे प्रसंग उभे करतात, तुम्ही दार वाजवता आणि आत कोण काय करेल माहीत नसतं. एका प्रसंगात मी बंदूक काढली, समोरच्याच्या हातात मोबाइल होता. खोटा प्रसंग होता, गोळी झाडलीही नव्हती, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि आजही अंधारात कोणी खिशात हात घातला की मला आधी तो मोबाइल आठवतो.

पिस्तूल, गाडी वेगात चालवणं, बेड्या घालणं, कुस्ती, प्रथमोपचार, नशेचा ओव्हरडोस झालेल्याला नाकात नार्कॅन म्हणजे त्यावरचं उताऱ्याचं औषध मारणं, हे सगळं असतंच. आमच्या काउंटीत पेपर स्प्रे कमरेला लावायच्या आधी तो स्वतःच्या डोळ्यांत घ्यावा लागतो. त्यात असतो तो मिरचीचाच अर्क, कांडप गिरणीत लाल मिरची चालू असताना दारात उभं राहिलं की जे होतं त्याच्या कैकपट. चाळीस मिनिटं डोळे उघडत नाहीत, आणि त्या अवस्थेत रेडिओवर स्वतःची जागा सांगायची असते. तेवढ्यासाठीच ते करून घेतात, आंधळं झाल्यावरही आपण कुठे उभे आहोत ते सांगता आलं पाहिजे.

ज्यांचं इंग्रजी लिखाण कच्चं आहे त्यांनी ॲकॅडमीच्या आधीच रोज एक पान लिहायचं. आज काय बघितलं ते, क्रमाने, मत न देता. "तो संशयास्पद दिसत होता" असं नाही, "त्याने तीन वेळा मागे पाहिलं आणि उजवा हात जॅकेटच्या आत ठेवला" असं. डेप्युटीचं निम्मं आयुष्य रिपोर्ट लिहिण्यात जातं आणि वकील तुम्हाला आठ महिन्यांनी त्यातल्याच एका वाक्यावर धरतो.

सहावी पायरी, एफटीओ, म्हणजे खरी शाळा

ॲकॅडमीतून आलात की लगेच एकट्याला गाडी देत नाहीत. फील्ड ट्रेनिंग ऑफिसर, एफटीओ, शेजारी बसतो, बारा ते सोळा आठवडे. ही पद्धत सॅन होजे पोलिसांनी १९७२ च्या सुमारास बसवली, रोजच्या कामाला एक ते सात असे मार्क देतात, रस्ता माहीत आहे का, रेडिओवर बोलणं, लोकांशी वागणं, रिपोर्ट, सगळ्याला. अगदीच छोट्या काउंटीत माणसं नसल्याने हे पाचसहा आठवड्यांत उरकतात, तसं दिसलं तर स्वतःहून म्हणा की मला अजून दोन आठवडे द्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

पश्चिम कॅन्ससमध्ये रस्ते चौकटीचे आहेत, दर मैलाला एक आडवा एक उभा, बहुतेक खडीचे. पत्ता सांगताना लोक घर नंबर सांगतच नाहीत, जुन्या एलेव्हेटरपासून दोन मैल उत्तर आणि अर्धा मैल पूर्व, असं सांगतात (एलेव्हेटर म्हणजे इथे धान्याचं उंच कोठार). सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीने फिरून हे पाठ करा. जीपीएसवर विसंबू नका, पाऊस झाल्यावर कुठला रस्ता चिखलात बुडतो हे त्याला माहीत नसतं. मी पहिल्यांदा सप्टेंबरात फिरत होतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी! लालसर कणसं, बुटकी ताटं, पण ज्वारीच. इथे तिला मायलो म्हणतात, कॅन्सस हे अमेरिकेतलं सगळ्यात जास्त ज्वारी पिकवणारं राज्य आहे, फक्त ती बहुतेक जनावरांना घालतात. ज्वारीच्या कोठारातून आलेला मी, गाडी बाजूला लावून एक कणीस हातात घेतलं. शेतकरी मागून आला, चौकशी केली, मी म्हटलं आमच्याकडे याची भाकरी करतात, आणि त्या दिवसापासून त्या भागातला तो माझा पहिला ओळखीचा माणूस. आता त्या पट्ट्यात काही वेगळं दिसलं की तो डिस्पॅचच्या आधी मला फोन करतो, मग मीच डिस्पॅचला कळवतो.

आणि आता गुरं. हसू नका, खेड्यातल्या डेप्युटीचा हा रोजचा आणि जिवावरचा कॉल आहे. माझ्या एफटीओच्या दुसऱ्या महिन्यात, नोव्हेंबर, रात्रीचे पावणेतीन, ट्रकवाल्याने कळवलं की हायवेवर गाई आहेत. अँगस जात, काळ्याकुट्ट, दिव्याच्या उजेडात आधी फक्त डोळे चमकतात आणि मग एकदम सहाशे किलोचं जनावर समोर. मी सायरन वाजवायला हात घातला तर एफटीओने तो धरला. सायरनने कळप उधळतो आणि दोन्ही दिशांना पांगतो. आधी गाडी चढाच्या अलीकडे आडवी, सगळे दिवे चालू, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला अर्धा मैल आधी दिसेल. मग खाली उतरून टॉर्च जमिनीकडे धरून गुरांच्या बाजूने, समोरून नाही, हळूहळू चालायचं आणि बोलत राहायचं. माझ्या तोंडून लहानपणीचं ह्यॅक ह्यॅक निघालं आणि गाई ऐकायला लागल्या. तोवर एफटीओने कानातला बिल्ला बघून मालक कोण ते ओळखलं होतं, मालक पायजम्यावर बूट घालून पेंडीची बादली वाजवत आला आणि सगळा कळप त्याच्यामागे निघून गेला. परत गाडीत बसल्यावर एफटीओ म्हणाला, आता एक वही कर, कुठल्या कुरणाचा मालक कोण, रात्रीचा नंबर काय, गेट कुठल्या बाजूला. ती वही अजून माझ्या गाडीत आहे, तिसरी झालीय.

घरगुती भांडणाचा कॉल मात्र वेगळा, त्यात घाई करू नका. डिस्पॅच सांगते दुसरी गाडी ३५ मिनिटांवर आहे. खडीच्या रस्त्यावर तुमचा आवाज आणि धुरळा तुमच्या आधी पोचतो, म्हणून शेवटचा अर्धा मैल हळू जायचं, गाडी थेट दारात लावायची नाही, दारासमोर न उभं राहता बाजूला उभं राहायचं, आधी दोन मिनिटं ऐकायचं. आत कोणाला मारत असतील तर थांबता येत नाही, जावंच लागतं. पण नुसता आरडाओरडा असेल तर दोघांना वेगळं करून बोलत राहणं आणि बॅकअपला वेळ मिळवून देणं हेच काम. मी एकदा एका माणसाशी पंचवीस मिनिटं त्याच्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपावर बोललो, तेवढ्यात दुसरी गाडी आली आणि मग अटक झाली, कोणाला ओरखडा नाही.

गाडी थांबवली, लायसन्स घेतलं आणि परत आपल्या गाडीकडे निघालात तर पाठ पूर्ण वळवून चालू नका, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. संदीपसिंग धालीवाल हे टेक्ससच्या हॅरिस काउंटीचे डेप्युटी, पगडी आणि दाढी ठेवून काम करायची परवानगी मिळालेले तिथले पहिले शीख. २७ सप्टेंबर २०१९ ला एका ट्रॅफिक स्टॉपनंतर आपल्या गाडीकडे परत जात असताना त्यांना मागून गोळी घातली. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या पोरांसाठी त्यांनी वाट मोकळी केली, त्यांचं नाव माहीत असू द्या.

पैसा, सुट्टी आणि निवडणूक

सही करायच्या आधी हे विचाराच. देशभरात गस्तीवरच्या पोलीस आणि डेप्युटींचा मधला पगार मे २०२३ मध्ये वर्षाला ७२,२८० डॉलर होता, खेड्यातल्या काउंटीत तो बराच कमी असतो, घरं पण स्वस्त असतात हे खरं. ओव्हरटाइम आठवड्याला ४० तासांनंतर मिळेल असं धरून चालू नका, केंद्राच्या कायद्यात पोलिसांसाठी २८ दिवसांत १७१ तास असा वेगळा हिशेब लावता येतो, आणि ज्या खात्यात पाचपेक्षा कमी माणसं आहेत तिथे तर त्या कायद्याने ओव्हरटाइम द्यायची सक्तीच नाही. गाडी घरी नेता येते का, पेन्शन पोलिसांच्या योजनेत आहे की साध्या सरकारी नोकरांच्या (कॅन्ससमध्ये काउंटीगणिक फरक पडतो), आणि ॲकॅडमी झाल्यावर दोनतीन वर्षांत सोडलंत तर खर्च परत मागणार का, हे लेखी घ्या.

निवडणुकीचं पण लक्षात ठेवा. नवीन शेरीफ आला की माणसं बदलू शकतात. नॉर्थ कॅरोलायनात तर कायद्यानेच डेप्युटीची नोकरी शेरीफच्या मर्जीवर असते. म्हणून कुठल्याही उमेदवाराच्या गटात पडू नका, काम कोणालाही दाखवता येईल असं ठेवा, आणि दरवर्षीचे ४० तासांचे सक्तीचे ट्रेनिंग नुसते भरायचे म्हणून भरू नका. अपघाताचा तपास, लहान मुलांशी कसं बोलायचं, मानसिक संकटातल्या माणसाला कसं शांत करायचं, असे कोर्स घ्या. छोट्या काउंटीत एखादी गोष्ट येणारा तुम्ही एकटेच असाल तर तुम्हाला कोणी सहज हलवत नाही. पुढे सार्जंट, अंडरशेरीफ म्हणजे शेरीफच्या खालचा दुसरा माणूस, अशी वाट आहे, कुत्रा घेऊन काम करणारे, शाळेत नेमलेले, डिटेक्टिव्ह असेही होता येतं. काही जण मोठ्या काउंटीत किंवा हायवे पॅट्रोलमध्ये म्हणजे राज्याच्या महामार्ग पोलिसांत जातात, जास्त पगारासाठी गेलेल्यांना मी कधीच नावं ठेवत नाही.

घरच्यांशी अर्जाआधी बोला

गावात तुमचं घर सगळ्यांना माहीत असतं. ज्याला गुरुवारी अटक केली तो रविवारी वाण्याच्या दुकानात टोमॅटो निवडताना शेजारी उभा असतो. तुम्ही त्याला नीट वागवलं असेल तर तो मान हलवतो, आणि बायकोमुलांसमोर एवढंच हवं असतं. गणपतीला आम्हाला चार तास गाडी चालवून जावं लागतं आणि बऱ्याचदा ड्युटी आडवी येते, हे बायकोने आधीच मान्य केलं होतं म्हणून जमलं.

आमच्या घरात एकच नियम आहे. शिफ्ट संपली की गाडीतूनच तिला "पोचलो" एवढा एक शब्द टाकायचा, मग रिपोर्ट लिहायला बसायचं. उशीर होणार असेल तर डिस्पॅचची बाई तिला फोन करते, कारण सांगत नाही, फक्त "तो बरा आहे, कामात आहे" म्हणते. हे मी पहिल्याच आठवड्यात डिस्पॅचशी बोलून ठरवून घेतलं होतं, तुम्ही पण पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या.